शून्य लावलं आणि पत्ताच बदलला

महोदय,

सायबर हल्ल्याची बातमी आली की खाली ठरलेला सल्ला असतो, पासवर्ड जपा, ओटीपी देऊ नका. जपतो हो आम्ही. पण सर्व्हरचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाही कोणीतरी दोन शब्द सुनवा, म्हणून हे पत्र.

मी एका छोट्या कारखान्यात नेटवर्क बघतो. माझ्या आधीच्या माणसानं एक्सेलमध्ये सगळे आयपी अॅड्रेस (नेटवर्कवरच्या मशीनचे आकडी पत्ते) तीन-तीन आकडी लिहून ठेवलेले, रांग सरळ दिसावी म्हणून, म्हणजे 192.168.10.20 चं केलं 192.168.010.020. मी तेच उचलून सर्व्हरच्या फॉर्ममध्ये पेस्ट केलं, त्यानं हूं की चूं न करता घेतलं आणि रात्रीचा बॅकअप काही जाईना. अर्धा दिवस केबल बदलत बसलो. शेवटी पिंग मारला, म्हणजे त्या पत्त्यावरचं मशीन उत्तर देतं का बघितलं, तर तो चाललाय 192.168.8.16 ला! सी भाषेच्या जुन्या लायब्ररीत पुढं शून्य असलं की आकडा ऑक्टल धरतात, आठाच्या पटीत, म्हणून 010 चे झाले आठ आणि 020 चे सोळा.

बरं सगळेच तसं धरत असते तरी एकवेळ चाललं असतं, पण काही प्रोग्राम ते शून्य नुसतं टाकून देतात. मग तपासणारा एक पत्ता वाचतो आणि कनेक्ट करणारा दुसराच, हल्लेखोराला हीच फट मिळते. 2021 मध्ये एनपीएमवरच्या (जावास्क्रिप्टच्या तयार कोडचं भांडार) नेटमास्क नावाच्या पॅकेजमध्ये हेच सापडलं, 0177.0.0.1 म्हणजे खरं तर 127.0.0.1, आपलंच मशीन, आणि ते त्याला बाहेरचं 177.0.0.1 समजायचं. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतही तीच भानगड निघाली, 3.9.5 पासून असले पत्ते सरळ नाकारतात. हेच पाहिजे, अंदाज बांधू नका, नाही म्हणा.

मास्कची, म्हणजे पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठवर ते सांगणाऱ्या आकड्यांची, तऱ्हा तर विचारूच नका. 255.255.255.0 च्या जागी घाईत 255.255.225.0 पडलं तरी आमचा फॉर्म खूश, कारण तो फक्त 0 ते 255 बघतो. अहो मास्क बायनरीत मांडला की आधी सगळे एक, मग सगळी शून्यं, मधे फट चालत नाही, त्यामुळं कुठल्याही जागी 0, 128, 192, 224, 240, 248, 252, 254, 255 हे नऊच आकडे येऊ शकतात. हे तपासायला दोन ओळींचा कोड पुरतो!

कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, युजरनं नीट भरावं. ती जुनी एक्सेल मी जपून ठेवलीय, आता कोणी डेमो द्यायला आलं की चहाच्या आधी त्यातलीच एक ओळ पेस्ट करायला देतो.

– एक सिस्टीम अॅडमिन, नाशिक