घराखाली सरपटत गेलेल्या गृहस्थांस

सप्रेम नमस्कार,

तुम्हाला मराठी येत नाही, हे ठाऊक आहे. सिडनीतल्या हॉर्न्सबी हाइट्समधलं आमचं घर तपासून तुम्ही रिपोर्ट पाठवलात तेव्हा मी इंग्रजीत दोन ओळींत आभार मानले आणि तुम्ही नुसता अंगठा धाडलात. व्यवहार म्हणून तो विषय संपला, पण माझं समाधान झालं नाही. शिवाय इंग्रजीत मी तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारते. वडिलांच्या वयाच्या माणसाला 'अहो' म्हणायची सोय त्या भाषेत नाही. म्हणून हे पत्र मराठीत. तुम्ही नाही तर सिडनीत जुनी घरं बघत हिंडणारी आमची मंडळी तरी वाचतील.

घर १९६०च्या दशकातलं. बाहेरून वीट, आत लाकडी सांगाडा, खाली विटांचे बुटके खांब, वर कौलं. मागच्या कुंपणापलीकडे उतार आणि मग सगळी गमची, म्हणजे निलगिरीच्या जातीची झाडं. कौलं बघूनच मी अर्धी विरघळले होते, चिपळूणचं आजोळ आठवून. विकणाऱ्यांनी करून घेतलेला 'बिल्डिंग अँड पेस्ट' रिपोर्ट, म्हणजे बांधकामाच्या आणि वाळवी-किडीच्या तपासणीचा, एजंटने हातात दिला होता. त्यात मोठा दोष काही नव्हता. आयता रिपोर्ट असताना पुन्हा पैसे कशाला, असं आमच्याकडे दोन दिवस चाललं होतं. ऑफिसातल्या एका बाईंनी तुमचा नंबर दिला नसता तर तेच खरं ठरलं असतं.

तुम्ही आलात आणि गाडीच्या बॉनेटवर तो जुना रिपोर्ट पसरलात. निष्कर्षाचं पान बघितलंसुद्धा नाहीत. 'तपासता न आलेल्या जागा' ही यादी शोधून तिच्यावर बोट ठेवलंत. सबफ्लोरचा, म्हणजे घराच्या जमिनीखालच्या पोकळीचा मागचा भाग, उंची अपुरी. लाँड्रीची भिंत, सामान लावलेलं. "आज इथूनच सुरुवात," एवढंच म्हणालात. गुडघ्यांना पॅड, कपाळाला दिवा, आणि त्या वीतभर दारातून आत.

मी मागच्या पायरीवर बसून ऐकत होते. खालून टक टक येत होतं, कलिंगड घेताना माणूस वाजवून बघतो तसं. लाँड्रीच्या खाली आवाज बदलला. ते मलाही कळलं.

बाहेर आल्यावर तुम्ही कॅमेऱ्यातला फोटो दाखवलात. खांबावरून चढत गेलेली मातीची नळी, पेन्सिलीएवढी जाड. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर पत्र्याची टोपी होती, तिला इथे अँट कॅप म्हणतात. ती वाळवीला अडवते असं मी धरून चालले होते. तुम्ही सांगितलंत की अडवत नाही, फक्त वळसा घालायला लावते, म्हणजे नळी उघड्यावर येते आणि बघणाऱ्याला दिसते. आणि बघायला कुणी गेलंच नाही तर? त्यावर तुम्ही खांदे उडवलेत.

मग भिंतीला ओलाव्याचं मीटर लावलंत. गरम पाण्याच्या टाकीची ओव्हरफ्लो नळी वर्षानुवर्षं पायाशीच ठिबकत होती. आधीच्या मालकाने हौसेने फरशी घालून विटांमधली श्वासाची भोकंही बुजवली होती. खिडकीच्या खोबणीत पंख सापडले, चिमूटभर, पारदर्शक. ते मात्र मी लगेच ओळखले. कोकणात पहिल्या पावसात दिव्याभोवती हीच पंखवाली वाळवी यायची आणि आजी दिव्याखाली पाण्याची परात ठेवायची. पण तिकडे वारूळ तरी डोळ्यांसमोर असतं, नागपंचमीला पुजण्याइतकं. इथली, सिडनीकडची सर्वांत घातक वाळवी, कोप्टोटर्मिस, झाडाच्या बुंध्याच्या पोटात किंवा जुन्या खुंटात घर करते. बाहेरून काही कळत नाही. आमचीही कुंपणाजवळच्या खुंटातच निघाली.

मी विचारलं, रॉकेल ओतू? मोर्टीन मारू? त्या दिवसात पहिल्यांदाच तुमचा आवाज चढला. हात लावायचा नाही! डिवचली की ती तिथून पळते, दुसरीकडून शिरते, आणि मग औषध वसाहतीपर्यंत पोचवायची वाटच हातातून जाते. आधी उपचार, भिंत त्यानंतर उघडायची. स्वतः औषधाचं काम घेत नाही, हेही तुम्ही न विचारता सांगितलंत. मला वाटतं, माझा विश्वास तिथेच बसला.

खरेदीच्या करारावर सह्या झाल्या होत्या. न्यू साउथ वेल्समध्ये लिलावाबाहेर घेतलेल्या घराला विचार बदलायला कामाचे पाच दिवस मिळतात. माघार घेतली तर किमतीचे ०.२५ टक्के जातात, १५ लाख डॉलरच्या घराला ३,७५० डॉलर. आमचे तीन दिवस उरले होते. रात्री मी फोन केला आणि थेट विचारलं, घेऊ की नको? तुम्ही सांगितलं नाहीत. खरं सांगते, राग आला होता. पण पाऊण तास तुम्ही एकेक लाकूड समजावलंत: कुठलं बदलावंच लागेल, कुठलं नुसतं कुरतडलंय, कुठल्याबद्दल भिंत उघडल्याशिवाय बोलता येणार नाही. छताच्या कडेखालचे फायब्रोचे, म्हणजे सिमेंटचे पातळ पत्रे ॲस्बेस्टॉसचे आहेत असं धरून चाला, ड्रिल लावू नका, हेही. आणि तुमच्या कामात बसत नसूनही वणव्याचं बोललात. पन्हळीतली गमची पानं काढा, हवेच्या झडपांना दोन मिलिमीटरहून बारीक भोकांची धातूची जाळी लावा, ठिणग्या तिथूनच आत शिरतात.

किंमत उतरवून घेतली, घर घेतलं. विम्याच्या कागदांत वाळवीचं नुकसान वगळलेलं आहे, हे मी नंतर वाचलं.

एक गंमत. वाळवी म्हणजे 'व्हाइट अँट', म्हणून आतून गुपचूप पोखरण्याला तुम्ही लोक 'व्हाइट-अँटिंग' म्हणता. आमच्याकडेही संस्थेला वाळवी लागते. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं होतं.

तुम्ही सांगितलेलं बहुतेक केलंय. नळीचं पाणी गटारात सोडलं, फरशी उखडली, भिंतीला टेकवलेला लाकडांचा ढीग कुंपणाकडे नेला. खुंटाजवळची चौथी आमिषपेटी, वाळवीसाठी आमिष ठेवलेली, गेल्या आठवड्यात माणूस उघडून गेला. स्वच्छ आहे. पुढच्या महिन्यात वार्षिक तपासणीला याल तेव्हा सबफ्लोरच्या दाराशी एक निळ्या जिभेचा सरडा बसलेला असेल. तो आमचाच आहे, हाकलू नका. चहात आलं चालतं ना, ते मात्र कळवा.

तुमची,
लाँड्रीवाल्या भिंतीची मालकीण