मोर्च्याचं पुढे काय झालं, हे कोण लिहून ठेवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आलं की आपल्या पेपरात रोज मोर्च्यांची बातमी राहते, किती धडकले, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवले की टेकडी रोडवर, कोणत्या मंत्र्याने निवेदन घेतलं, सगळं फोटोसकट. पण त्या निवेदनाचं पुढे काय झालं हे शोधायला गेलं तर काहीच हाती लागत नाही. अधिवेशन संपलं की मंडप निघतात आणि विषय बंद, पुढच्या डिसेंबरात तेच लोक तीच मागणी घेऊन परत येतात.

हा हिशोब आपण साधे लोकच ठेवू शकतो असं मला मनापासून वाटते. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवी हक्कांसाठी काम करणारी संस्था १९७३ पासून 'अर्जंट अ‍ॅक्शन' चालवते, म्हणजे कोणाच्या जिवाला धोका असला, कोणाचा तुरुंगात छळ होत असला की जगभरातून लोक त्या सरकारला पत्रं धाडतात. पहिली मोहीम ब्राझीलमधले प्राध्यापक लुइझ रॉसी यांच्यासाठी होती आणि ते सुटले. पण नंतरच्या हजारो पत्रांपैकी कोणती कामी आली? त्यासाठी जुन्या नोंदी वाचाव्या लागतात, आणि पगारी माणसं घेऊन एवढं वाचणं कोणत्याच संस्थेला परवडत नाही. म्हणून सामाजिक संस्थांना आकडेवारी तपासून देणाऱ्या डेटाकाइंडसारख्या संस्थेचे स्वयंसेवक या कामात उतरले, आणि अ‍ॅम्नेस्टीने 'डिकोडर्स' नावाने कोणालाही घरबसल्या मोबाईलवर करता येईल असं काम काढलं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ९५ भारतीय महिला नेत्यांना आलेली १,१४,७१६ ट्वीट्स अशा स्वयंसेवकांनी तपासली. समोर एक ट्वीट येते, ते शिवीगाळ आहे, आक्षेपार्ह आहे की काहीच नाही एवढं ठरवायचं, मग ते बाई म्हणून आहे की जात-धर्मावरून ते सांगायचं. एकच ट्वीट अनेक जणांपुढे जाते त्यामुळे एकाच्या मतावर गाडी चालत नाही. साधारण दर सातात एक ट्वीट आक्षेपार्ह किंवा शिवीगाळ करणारं निघालं. "बायकांना खूप ट्रोल करतात हो" असं नुसतं म्हणणं आणि हा आकडा पुढे ठेवणं यात फार फरक आहे.

आता हेच आपल्या मोर्च्यांना लावून पहा, आणि तिथेच खरी कसोटी आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच शहरात गोवारी समाजाच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले, झिरो माइलजवळच्या स्मारकावरून आपण रोज जातो-येतो. मागणी होती अनुसूचित जमातीच्या सवलतींची. मोर्च्यांची अशी यादी केली तर यापुढे निकालाच्या रकान्यात काय लिहाल? १९९५ मध्ये विशेष मागास प्रवर्गात घेतलं, म्हणजे मागितलं ते नाही, दुसरंच काही मिळालं. १४ ऑगस्ट २०१८ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, त्या वर्षी कोणी नोंद केली असती तर 'यश' लिहिलं असतं. १८ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला, पण मधल्या काळात ज्या पोरांना अ‍ॅडमिशन आणि नोकऱ्या मिळाल्या त्यांना संरक्षण दिलं. म्हणजे हो किंवा नाही असा एक रकाना पुरतच नाही, प्रत्येक टप्प्याची तारीख पाहिजे, कोणाच्या पदरात नेमकं काय पडलं ते पाहिजे, आणि 'काहीच झालं नाही' ही नोंद सुद्धा तेवढ्याच काळजीने पाहिजे. संघटना जिंकलेलं तेवढं सांगतात, त्यांची अडचण मी समजू शकतो, पण हरलेले मोर्चे वगळले तर कशाने फरक पडतो ते कधीच कळणार नाही.

अजून एक. मोर्चा झाला आणि मागणी मान्य झाली म्हणजे मोर्च्यामुळेच झाली असं नाही, कदाचित निवडणूक जवळ असेल, कोर्टात केस असेल. म्हणून या गोष्टी पण शेजारी लिहाव्या लागतील, तशीच मागणी मोर्चा न काढता कुठे मान्य झाली का तेही पहावं लागेल. आणि पीडितांची नावं-गावं यादीतून काढूनच ती लोकांपुढे न्यावी, आधीच सोसलेल्या माणसाला आणखी उघडं पाडायला नको.

माझी विनंती अशी की आपल्या ऑफिसात जुने अंक असतीलच, त्यातले कोणत्याही एका अधिवेशनाचे अंक स्कॅन करून द्या. शहरातल्या लॉ, समाजकार्य आणि पत्रकारितेच्या पोरांना बोलवा, आमच्यासारखे रिटायर्ड लोक पण बसतील, प्रत्येक बातमी तिघांनी वेगवेगळी वाचायची, तिघांचं जुळलं नाही तर चौथ्याने बघायचं. संबंधित खात्याकडे त्या निवेदनावर काय कार्यवाही झाली ते माहिती अधिकारात विचारायचं, तो अर्ज मी स्वतः लिहायला तयार आहे.

आपला,
एक नियमित वाचक
धंतोली, नागपूर