बॅकअप घेतला, पण तो परत येतो का?

मा. संपादक,
महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील अनेक मराठी वाचनालये, पतसंस्था आणि नाट्यमंडळे आता आपली इतिवृत्ते, सभासद याद्या आणि जुन्या स्मरणिका संगणकावर ठेवतात, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र कपाटात एक पेनड्राईव्ह ठेवला की त्या साऱ्याची काळजी मिटली, असा जो समज ठिकठिकाणी दिसतो, त्याविषयी लिहिणे आवश्यक वाटते.

बॅकअपची, म्हणजे सुरक्षित प्रती घेण्याची, शेल स्क्रिप्ट (संगणकाने ओळीने पार पाडायच्या आज्ञांची फाईल) लिहिताना फाईली परत आणणारा भाग आधी लिहावा आणि तो दर महिन्याला चालवून पाहावा, एवढेच माझे म्हणणे आहे. बॅकअप घेणे सोपे असते. लिनक्स या मोफत संगणक प्रणालीवर टार ही आज्ञा संपूर्ण फोल्डर एका फाईलमध्ये बांधते, त्या फाईलच्या नावात तारीख घालता येते आणि क्रॉन हा ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम ते काम रोज रात्री आपोआप उरकतो. दहा-बारा ओळींत हे सारे बसते आणि त्यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. बांधलेली फाईल उघडते का, हे मात्र कोणी पाहत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेच्या अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेस पुसला गेला, तेव्हा त्यांच्या पाच बॅकअप पद्धतींपैकी एकही भरवशाची निघाली नाही. डेटाबेसचा नेहमीचा बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे फसत होता आणि तसे कळवणारे ईमेल कोणापर्यंत पोचतच नव्हते. अखेर सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत उपयोगी पडली. जिथे पगारी तज्ज्ञ बसलेले असतात तिथे ही अवस्था, तर अर्धवेळ ग्रंथपालाच्या भरवशावर चालणाऱ्या वाचनालयाचे काय?

म्हणून स्क्रिप्टने गप्प राहू नये. आज्ञा यशस्वी झाली तर शेलला, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, शून्य मिळतो, फसली तर दुसरा आकडा. तो तपासून अपयश पडद्यावर ठळकपणे दाखवावे. 'सभासद यादी' यासारख्या नावात मोकळी जागा असते, आणि स्क्रिप्टमधील ते नाव धरणारे चल (व्हेरिएबल) अवतरणचिन्हांत नसेल तर शेल त्याचे दोन तुकडे करतो. पेनड्राईव्ह जोडलेला नसेल तर त्याच्यासाठी ठरवलेल्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे ज्या डिस्कच्या बिघाडाची भीती आहे तिच्यावरच, प्रत निमूटपणे साठत राहते. त्या फोल्डराला पेनड्राईव्ह खरोखर जोडला आहे का हे तपासणारी माउंटपॉइंट ही आज्ञा आधी चालवली की हे टळते. फॅट३२ या साठवणीच्या पद्धतीच्या पेनड्राईव्हवर चार जीबी किंवा त्याहून मोठी फाईल मावत नाही, आणि छायाचित्रांचा गठ्ठा त्यापलीकडे सहज जातो. प्रत मूळ फोल्डरशी जुळती ठेवणाऱ्या आरसिंक या आज्ञेला डिलीट हा पर्याय दिला तर मुळातून चुकून पुसलेली फाईल प्रतीतूनही जाते, तेव्हा तारीखवार प्रती ठेवणेच बरे.

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. जुना मराठी मजकूर श्रीलिपी या आणि सरकारी कचेऱ्यांशी झालेला कन्नड पत्रव्यवहार नुडी या, स्वतःचे खास फॉन्ट असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेला असतो. त्या काळचा बराच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, नाही. फाईल सुखरूप परत आली तरी तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे उमटतात. त्यामुळे फॉन्टचे फोल्डरही बॅकअपमध्ये हवे. हा दोष केवळ फाईलींची संख्या मोजून कळत नाही, म्हणूनच दुसऱ्या संगणकावर प्रत उघडून पाहण्याचा माझा आग्रह आहे.

परत आणताना मूळ फोल्डरवर काहीही ओतू नये. वेगळे रिकामे फोल्डर करून त्यात प्रत उघडावी, बॅकअपच्या वेळी नोंदवलेल्या चेकसमशी (फाईलच्या मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याशी) ती ताडून पाहावी आणि मगच फाईली जागेवर हलवाव्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांच्या पुराने या जिल्ह्यात केलेली हानी सर्वांनी पाहिली आहे, तेव्हा एक प्रत दुसऱ्या गावी असावी हे वेगळे सांगायला नको.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे आणि शहरात अभियांत्रिकीचे विद्यार्थीही भरपूर आहेत. त्यांनी जवळच्या एखाद्या वाचनालयासाठी अशी स्क्रिप्ट लिहून द्यावी, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. तिच्यातील टिपा मात्र मराठीत असाव्यात आणि परत आणण्याच्या आज्ञा कागदावर छापून इतिवृत्ताच्या वहीत चिकटवाव्यात, कारण त्यांची गरज पडेल तेव्हा तो विद्यार्थी नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळूरला गेलेला असेल.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)