मूळव्याध समजून अंगावर काढू नका

महोदय,

निपाणीत औषधाच्या दुकानात बसत असल्यामुळे एक गोष्ट नेहमी पाहतो. गुडघेदुखीचे मलम लोक मोठ्या आवाजात मागतात. पोटाचे औषध मात्र बाकीची गिऱ्हाइके जाईपर्यंत थांबून, नाहीतर जुन्या पाकिटाचा कापलेला तुकडा मुलाच्या हाती देऊन मागवले जाते. या संकोचापायी आजार वाढतो, म्हणून हे पत्र.

रोज सकाळी शौचाला झालेच पाहिजे, असे मुळीच नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढा फरक निरोगी माणसांतही असतो. (तंबाखूची चिमूट लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणणारे आमच्या या तंबाखूच्या पट्ट्यात पुष्कळ आहेत, त्यांच्याशी वाद घालणे मी सोडले आहे.) उपवास, प्रवास, लग्नसराईतील जेवणे किंवा नव्याने सुरू झालेल्या लोहाच्या अथवा मधुमेहाच्या गोळ्या यांमुळे चार दिवस फरक पडला, तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु स्वतःच्या नेहमीच्या सवयीत पडलेला बदल तीन आठवडे उलटूनही टिकला, कधी खडा तर कधी पातळ होऊ लागले, जाऊन आल्यावरही साफ न झाल्यासारखे वाटू लागले किंवा जोडीला वजन घटून थोड्या चालण्यानेही धाप लागू लागली, तर चूर्ण बदलत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

रक्त पडले की आपल्याकडे निदान घरातच होते, ते म्हणजे मूळव्याध. बहुतेक वेळा ते खरेही ठरते आणि म्हणूनच फसगत होते. कारण मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त जाते आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. विशेषतः पन्नाशीच्या आसपासच्या किंवा घरात कोणाला हा कर्करोग झालेल्या माणसाने तपासणीशिवाय मलम लावत राहू नये. डॉक्टर बोटाने तपासतात, हिमोग्लोबिन पाहतात आणि गरज वाटल्यास दुर्बिणीतून आतडे तपासण्यास सांगतात. आतड्यातील काही गाठी कर्करोगात बदलण्याआधीच त्या दुर्बिणीतून काढता येतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा होतो. पण तो डांबरासारखा चिकट आणि उग्र वासाचा असेल, तर पचनमार्गाच्या वरच्या भागात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. तसेच पोट फुगून उलट्या होत असतील आणि वारासुद्धा सरत नसेल, तर जुलाबाची गोळी मुळीच न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपल्या भागातील आरोग्य शिबिरांत रक्तदाब आणि साखर तपासली जाते. तेथेच पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला, बाजूला घेऊन, शौचाच्या सवयीत बदल झाला आहे का आणि रक्त जाते का, एवढे विचारले जावे. आणि खानापूर, निपाणी, बेळगाव परिसरात वाटली जाणारी माहितीपत्रके कन्नडबरोबर मराठीतही छापली जावीत, अशी संबंधितांना विनंती आहे.

आपला,
एक औषधविक्रेता, निपाणी