शर्यत संपल्या संपल्या माइक नको, आधी पोरीला चालू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शर्यतीत मागे पडलेल्या पोराच्या नाहीतर पोरीच्या तोंडासमोर लाइन ओलांडल्या ओलांडल्या माइक धरायचा, ही पद्धत आता टीव्हीवरून आमच्या तालुक्याच्या मैदानापर्यंत येऊन पोहोचली आणि त्याबद्दल कोणी काही लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत पीटी शिकवतो, सकाळी शाळेच्या आधी पोरापोरींना पळवतो, त्यातले काही शालेय स्पर्धेसाठी येतात अन् बरेचसे पोलीस भरतीसाठी, पोरांना 1600 मीटर आणि पोरींना 800. पत्रकारांवर माझा राग नाही. आमच्या भागातली खेळाची बातमी छापून येते ती तालुका प्रतिनिधीमुळेच येते, त्याला संध्याकाळच्या आत फोटो अन् मजकूर पाठवायचा असतो, मानधन किती भेटते तेही आम्हाला माहीत आहे. हरलेल्याला विचारूच नका असंही मी म्हणत नाही, उलट विचाराच. पण केव्हा विचारता आणि काय विचारता याचा तरी विचार व्हावा.

आधी शरीराचं सांगतो. 800 किंवा 1500 मीटर जीव तोडून पळालेला माणूस एकदम थांबला की रक्त पायातच साचून राहते. पळताना पिंढऱ्यांचे स्नायू ते रक्त वर ढकलत असतात, ते काम एकाएकी बंद पडते, मग डोक्याकडे रक्त कमी जाते, चक्कर येते, डोळ्यासमोर अंधारी येते, कोणी उलटी करते. म्हणून तर आम्ही लाइनच्या बाजूला उभे राहून ओरडत असतो की थांबू नको, चालत राय, चालत राय. आणि नेमकं तिथंच माइकवाला तिला उभी करतो! रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे जोरात पळताना स्नायूंमधे तयार होणारा पदार्थ, तेही शर्यत संपल्याबरोबर उतरत नाही, पुढची काही मिनिटं ते वाढतच जाते, म्हणजे पळणाऱ्याच्या शरीरासाठी लाइन ओलांडल्यानंतरची पाच-सात मिनिटं फार वाईट. त्यात आमच्याकडचं ऑक्टोबरचं ऊन, मैदानावर सावली नाही. अशा वेळी जे तोंडातून निघते ते त्या पोरीचं मत समजून छापू नये, दाखवू तर नयेच.

मागे एका जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत आमची एक पोरगी 1500 ला सहावी आली. पहिली येईल असं सगळ्यांनाच वाटत होतं, तिला स्वतःला सगळ्यात जास्त. लाइन ओलांडली अन् ती गुडघ्यावर हात ठेवून वाकली तोच एका लोकल चॅनलचा पोरगा मोबाइल घेऊन समोर. पहिला प्रश्न, आता कसं वाटते? ती काही बोलली नाही, तिला श्वासच पुरत नव्हता. मग घरची परिस्थिती कशी आहे, आईबाबांना आता काय सांगशील? आईबाबांचं नाव काढल्यावर ती रडायला लागली आणि मोबाइल अजून जवळ गेला. मी पोहोचेपर्यंत सगळं रेकॉर्ड झालं होतं. संध्याकाळी खाली दुःखी म्युझिक लावून ती क्लिप गावातल्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली, तिचा बाप कापूस वेचायला मजूर पाहत फिरत होता त्याला दुसऱ्या कोणीतरी आपल्या मोबाइलवर दाखवली. दुसऱ्या दिवशी तो शाळेत येऊन मला म्हणाला, "सर, हारली तं हारली, त्याचं काई नाई, पण पोट्टीचं रडणं गावानं पाह्यलं, आता नाई पाठवत." त्याला समजवायला मला फार दिवस लागले. पोरगी आता पुन्हा सरावाला येते पण स्पर्धेचं नाव काढलं की गप्प होते. ती सोळा वर्षांची आहे. तिला विचारण्याआधी तिच्या घरच्यांना नाहीतर सोबतच्या सरांना एक शब्द विचारायला काय लागते?

आणि त्या क्लिपमधे शर्यतीबद्दल एक अक्षर नव्हतं. ती दुसऱ्या राउंडलाच सगळ्यांना सोडून पुढे गेली होती, 200 मीटरच्या ट्रॅकवर साडेसात राउंड मारायचे असताना पाचव्यात तिचे पाय जड झाले आणि शेवटच्या राउंडापर्यंत पाच जणी तिला ओलांडून गेल्या. का गेली एवढ्या लवकर पुढे? फक्कीची लाइन पुसून गेली होती, वळणावर धक्काबुक्की होत होती, ती टाळायला गेली. हे तिनं मला अर्ध्या तासानं लिंबाखाली बसून स्वतः सांगितलं, अगदी राउंडवार. ही खरी बातमी होती, मैदानाच्या अवस्थेची पण आणि तिच्या डोक्याची पण, ती कोणालाच भेटली नाही.

मोठ्या स्पर्धेत काय होते हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑलिंपिक, वर्ल्ड चॅम्पियनशिपला ट्रॅकवरून बाहेर पडायच्या वाटेवर मिक्स्ड झोन नावाचा भाग असतो, बॅरिकेडच्या एका बाजूने खेळाडू चालत जातात आणि दुसऱ्या बाजूला पत्रकार. जिंकलेला असो की हरलेला, जावं तिथूनच लागते. आधी टीव्हीवाले, पेपरवाले नंतर. पण तिथं खेळाडू चालता चालता पुढे जाऊ शकतो, नाही बोलायचं तर मान हलवून निघून जाऊ शकतो, आणि मधे बॅरिकेड असते. आमच्या मैदानावर बॅरिकेड नाही, दोरी बांधली तरी लोक उचलून आत येतात, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला "मला आता बोलायचं नाही" असं म्हणता येते हे कोणी शिकवलेलंच नसते. हे आता आम्हीच शिकवलं पाहिजे, मी सुरू केलं आहे.

खरी कारणं उशिरानेच बाहेर येतात हे तर आपल्या देशाच्या खेळात कित्येकदा दिसलं. 1984 ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधे पी. टी. उषाचं 400 मीटर हर्डल्सचं ब्राँझ एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं, तिचा टाइम 55.42, तिसरीचा 55.41. तिथं आपल्याला खायला नीट भेटत नव्हतं, भाताच्या पेजेवर अन् लोणच्यावर काढावं लागलं, शेवटच्या 35 मीटरला त्याचाच फटका बसला, हे तिनं कितीतरी वर्षांनी सांगितलं. 2016 ला रिओ ऑलिंपिकला आपली धावपटू ओ. पी. जैशा मॅरेथॉनमधे 2 तास 47 मिनिटं 19 सेकंदात पोहोचली आणि लाइनवरच कोसळली. तेव्हा तिला काय विचारणार होते? भारतात परत आल्यावर ती बोलली की रस्त्यात आपल्या देशाच्या टेबलावर पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. अॅथलेटिक्स फेडरेशनने ते नाकारलं, तिनेच अन् कोचनेच नको म्हटलं असं त्यांचं म्हणणं, शेवटी मंत्रालयाला चौकशी लावावी लागली. खरं कोणाचं तो वाद वेगळा, पण ती सावरल्यावर बोलली म्हणून तर हा प्रश्न देशासमोर आला.

अजून एक गोष्ट मला फार लागते, ती म्हणजे आकडे न पाहता "निराशा" लिहून मोकळं होणं. आपला बीडचा अविनाश साबळे, टोकियो ऑलिंपिकला स्टीपलचेसमधे, म्हणजे अडथळे अन् पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या 3000 मीटरच्या शर्यतीत, 8 मिनिटं 18.12 सेकंद पळाला, तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम होता तरी फायनल हुकली. पॅरिसला 2024 मधे तो फायनलला गेला, 8:14.18 पळाला, म्हणजे टोकियोपेक्षा जवळजवळ चार सेकंद वेगात, आणि अकरावा आला. सोनं 8:06.05 ला गेलं. आणि त्याआधी महिनाभर पॅरिसमधेच डायमंड लीग या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो 8:09.91 पळाला होता, तोही राष्ट्रीय विक्रम. आता एवढं ज्याला माहीत आहे तो पत्रकार त्याला विचारेल की महिन्याभरात चार सेकंद कुठे गेले, सुरुवातीला आघाडी घेतली ती ठरवून का, कितव्या राउंडला पाय जड झाले. असा प्रश्न आला की खेळाडूलाही वाटते आपली शर्यत कोणीतरी पाहिली, मग तो बोलतो, बरंच बोलतो, हरला असला तरी. कसं वाटते विचारल्यावर तो काय सांगणार, वाईट वाटते.

भरतीच्या वेळी पण तेच. ग्राउंडच्या गेटवर कॅमेरे उभे, 1600 ला टाइम हुकलेला पोरगा बाहेर येतो, वय निघून चाललं म्हणून आधीच तो धास्तावलेला, अन् त्याला कॅमेऱ्यासमोर विचारतात की आता पुढे काय? त्याला ते अजून घरी सांगायचं असते हो. गेटपासून थोडं लांब, चहाच्या टपरीवर त्याच्याजवळ बसा, तो रात्री कुठं झोपला, ग्राउंडला नंबर किती वाजता लागला, पहाटेपासून उपाशी होता का हे विचारा, यातून शंभर बातम्या निघतील आणि प्रशासनाला उत्तर द्यावं लागेल अशा निघतील.

तुमच्या पेपरला माझी विनंती आहे की आपल्या प्रतिनिधींना एवढं कळवावं, अठरा वर्षांखालच्या खेळाडूला सर किंवा घरचे सोबत असल्याशिवाय विचारू नये, शर्यत संपल्यावर निदान दहा मिनिटं थांबावं, आणि रडतानाचा फोटो, व्हिडिओ टाकू नये. डेडलाइन असली तरी दहा मिनिटांनी पान अडत नाही. फारच घाई असेल तर पोरीला थांबवू नका, तिच्यासोबत चालत चालत विचारा.

आमच्या मैदानावर कोणीही यावं. प्रत्येक राउंडचा टाइम मी वहीत लिहून ठेवतो, जिंकलेल्यांचाही अन् शेवटच्यांचाही, त्याचा फोटो काढून घ्या, कोणत्या राउंडला कोण मागे पडली ते पाहून घ्या, तोवर पोरगी पाणी पिऊन येते.

आपला,
एक शारीरिक शिक्षण शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ