'गूढ' म्हणून मोकळे होऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पाश्चात्त्य 'ध्यानसंगीता'वर लेख आला. त्यात 'डेड कॅन डान्स' ('मेलेलेही नाचू शकतात') या गटाच्या वाट्याला जेमतेम तीन ओळी होत्या: मृत्यूचे आकर्षण असलेली मंडळी, निरर्थक शब्द, गूढ वातावरण, रात्री झोपताना ऐकावे. तीसेक वर्षे मी हे संगीत ऐकतो आहे आणि ते लावून मला एकदाही झोप लागलेली नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी नावाविषयी. लिसा जेरार्ड आणि ब्रेंडन पेरी यांनी १९८१ साली मेलबर्नला हा गट काढला आणि पुढच्याच वर्षी लंडन गाठले. १९८४च्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर न्यू गिनीकडचा, धार्मिक विधीतला एक मुखवटा आहे. त्यांचे स्पष्टीकरण असे, की मुखवट्याचे लाकूड कधीकाळी जिवंत झाड होते. ते मेले, पण घडवणाऱ्याच्या हातून त्यात पुन्हा जीव आला. मेलेले नाचते ते या अर्थाने. मी मिरजेत राहतो. आमच्याकडे पंढरपूर भागातला भोपळा वाळून खडखडीत होतो आणि मग त्याचा तानपुरा होतो. आम्हाला तरी या नावात भुतेखेते दिसत नाहीत.

आता 'निरर्थक शब्द'. जेरार्डबाईंच्या बऱ्याच गाण्यांना कुठल्याच भाषेतले शब्द नाहीत, हे खरे. मेलबर्नच्या ज्या वस्तीत त्या वाढल्या, तिथे घर आयरिश आणि शेजारीपाजारी ग्रीक, तुर्की. खिडक्यांतून येणारी गाणी कळत नसत, पण पोहोचत होती. त्यातून लहानपणीच त्यांनी स्वतःची अक्षरे जुळवून गायला सुरुवात केली. पण 'नोम् तोम्'ची आलापी आणि 'दिर दिर तननन'चा तराणा ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकला गेला, त्यांनी शब्दांना अर्थ नाही म्हणून कुरकुर करावी? तराण्याचा अर्थ विचारणाऱ्याला आपण मैफलीत दुसऱ्यांदा बोलावणार नाही.

माझा खरा आक्षेप 'गूढ' या शब्दाला आहे. कळत नाही ते गूढ, असे लिहून टाकले की शोधायचे कष्ट वाचतात. १९९०चा त्यांचा 'एऑन' हा अल्बम घ्या. मुखपृष्ठावर जुना डच चित्रकार हिएरोनिमस बॉश याच्या चित्राचा तुकडा आहे. आत 'साल्तारेल्लो' नावाचे एक नाचाचे वादन आहे, अगदी उड्या मारायला लावणारे. ते इटलीतले, चौदाव्या शतकातले. त्याचे हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. रचनाकाराचे नाव मात्र कुठेच नाही. त्याच अल्बममधले सिबिल या प्राचीन भविष्यवेत्तीचे गाणे कॅटलान परंपरेतले. स्पेनच्या मायोर्का बेटावर नाताळच्या आदल्या रात्री एखादा मुलगा किंवा मुलगी झगा घालून, हातात तलवार धरून, देवळात ते गाते. विषय आहे शेवटच्या दिवसाचा न्यायनिवाडा. सोळाव्या शतकात धर्ममार्तंडांनी हा प्रकार बंद पाडला होता, पण मायोर्कावाल्यांनी तो परत सुरू केला, आणि २०१०मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. आता असे जगबुडीचे भाकीत उशाशी लावून कोणाला झोप येत असेल, तर त्याच्या प्रकृतीला माझा नमस्कार.

वाद्यांचेही तसेच. जेरार्डबाई बांबूच्या बारीक काड्यांनी जे वाजवतात ते चिनी यांगचिन, आपल्या संतूरच्या नात्यातले. पेरी यांच्या हाती कधी 'हर्डी-गर्डी' दिसते. तिच्यात राळ लावलेले लाकडी चाक हाताने फिरवतात आणि ते तारांवर घासते. एक-दोन तारांवर पट्ट्यांनी चाल वाजते, बाकीच्या एकच सूर धरून राहतात. मध्ययुगातले युरोपातले लोकही आपल्यासारखे अखंड षड्जावर गात-नाचत होते, हे या वाद्याने मला शिकवले.

उसनवारी त्यांनी केली नाही असे नाही. १९९६च्या अल्बममधले 'इंडस' तयार झाल्यावर लक्षात आले, की त्याची चाल 'बीटल्स'मधल्या जॉर्ज हॅरिसनच्या १९६७च्या एका गाण्याशी जुळते. हॅरिसनचे नाव श्रेयात घातले गेले. ते योग्यच झाले. पण हॅरिसनचे ते गाणे पंडित रविशंकरांनी आकाशवाणीसाठी केलेल्या रचनेवरून सुचलेले, हे त्यानेच सांगून ठेवले आहे. श्रेयाची गाडी हॅरिसनच्या स्टेशनवर थांबली, पुढे आलीच नाही. तो अल्बम मला एरवीही जरा सैल वाटतो, पण ते असो.

विनंती एवढीच, की पुढच्या वेळी अशा संगीतावर लिहाल तेव्हा चाल कुठल्या गावची, वाद्य कुठले, हस्तलिखित कुठे आहे, एवढे एका ओळीत तरी छापा. अभिजात गायकाच्या बातमीत आपण घराणे आवर्जून लिहितो, मग यांनीच काय घोडे मारले आहे?

जाता जाता. आमच्या गल्लीत तानपुरे बनवणारे एक वयस्कर कारागीर आहेत. त्यांना मी मागे हर्डी-गर्डीचे एक ध्वनिमुद्रण ऐकवले. त्या वाद्यात तारेखाली एक सुटी, हलती घोडी असते. चाकाला झटका दिला की ती थरथरून झणझणते, तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी उघडली की तार झणझणते तशी. कुठला देश, कुठले शतक, यातले मी काहीच सांगितले नव्हते. डोळे मिटून त्यांनी दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाले, "जवारी जरा जास्तच उघडी ठेवलीय बघा त्यानं."

आपला,
एक वाचक, मिरज