लंबकाचं यंत्र आणि १.३ लिटर पाणी

खानापूर

चि. गार्गी हीस अनेक आशीर्वाद.

तुझं रेखाचित्र बघितलं. सर्बियाच्या वेल्को मिल्कोविचच्या यंत्राचीच ही जात: तरफेच्या एका टोकाला लंबक, दुसऱ्याला वजन आणि पंप. कोपऱ्यात 'घातलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा' असं लिहिलंयस, ते मोजल्याशिवाय ठेवू नकोस.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवाल्याकडून तरफेची आणि लंबकाची भोकं एकाच सेटिंगमध्ये पाडून घे. शाफ्ट समांतर नसले की गोळा आडवा हेलकावतो आणि झोका लवकर मरतो. ६२०२ बेरिंग चालतील, पण रबर सील काढून आतलं ग्रीस डिझेलनं धू आणि शिलाई मशीनचं तेल सोड. आपल्याकडच्या पावसात ते पुन्हा पुन्हा सोडावं लागेल.

तरफेचे हात ४०-४० सेंमी. गोळा ५ किलो, शाफ्टच्या मध्यापासून त्याच्या मध्यापर्यंत ५० सेंमी. ६० अंशांवरून सोडलास की झोक्याच्या टोकाला ओढ २.५ किलोची, तळाशी १० ची. हा हिशेब शाफ्ट जागचा हलत नाही असं धरून. पलीकडचं वजन या दोहोंच्या मध्ये हवं, ६ किलोपासून सुरुवात कर. झोका ३० अंशांवर उतरला की तळाची ओढ जेमतेम ६.३ किलो उरते आणि तरफ उचलेनाशी होते. म्हणून वजन उतरवत ५ च्या खाली गेलीस, तर लंबक थांबलेला असतानाही तरफ त्याच्याच बाजूला झुकून बसते. तरफेची चाल ३ सेंमीच ठेव, दोन्हीकडे टायरचे तुकडे लाव. २५ मिमी व्यासाचा पंप दर खेपेला साधारण १५ मिली पाणी देईल.

आता चाचणी. पंप आणि नळी आधीच भरून घे. गोळा ६० अंशांवर दोऱ्यानं बांध आणि दोरा जाळ. हातानं सोडताना नकळत ढकललं जातंच की. त्यानंतर बोटसुद्धा लावायचं नाही. या यंत्राची सगळी जादू त्या न मोजलेल्या टिचकीत असते. गोळ्याची ऊर्जा १२.२५ ज्यूल, लंबकाच्या १२ मिमी सळईची अर्धा ज्यूल. म्हणजे एका सोडण्यात १ मीटर उंचीवर फार तर १.३ लिटर, प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी. उंची बादलीतल्या पाण्यापासून मोज, बादलीच्या काठापासून नव्हे. आकडा १.३ च्या वर गेलाच, तर आधी टेप तपास.

तुझे,
बाबा

ता. क. फ्रेम जमिनीला चार बोल्टांनी आवळ. गोळा तळाशी सेकंदाला २.२ मीटरनं येतो, गुडघा वाटेत ठेवू नकोस.